परदेशातले सराव दौरे: संघाचं भलं की तिजोरीचं?

पेठेतला_गोली
मंडळी, गेल्या रविवारी कोल्हापुरात आमच्या तालमीच्या (इथं फुटबॉलचे संघ तालमींचेच) कट्ट्यावर रात्री बारापर्यंत एक वाद चालला होता, तो इथं आणतोय. मोसम सुरू व्हायच्या आधी आमच्या फुटबॉल संघाला दहा दिवस गोव्याला सरावाला न्यावं, असं काहींच्या मनात आहे. खर्च अर्थातच वर्गणीतून. एक बाजू म्हणते, युरोपातले क्लब दर जुलैत अमेरिका, जपान, सिंगापूर करत फिरतात, मग आपण निदान फोंडा-मडगावपर्यंत तरी जाऊया. दुसरी बाजू म्हणते, ते फिरतात पैशासाठी, सरावासाठी नव्हे. खजिनदारानं माझ्याकडं बघून विचारलं, "तू रात्र-रात्र जागून मॅची बघतोस की, तूच सांग, त्यांना फायदा होतो का?" मला धड उत्तर देता आलं नाही.

माझा स्वतःचा अनुभव एकच. ऑक्टोबर २०११, मी पुण्यात शिकत होतो. इंग्लंडचा क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स, ते बालेवाडीला आले होते. १९९५ चे प्रीमियर लीग (इंग्लंडची सर्वोच्च लीग) विजेते, आणि २०१० पासून मालक पुण्याचे, वेंकीज. पुणे एफसीला त्यांनी ३-० हरवलं. तो दौरा मोसमाआधीचा नव्हता, मोसम चालू असताना आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीत काढलेला होता. मी गोलमागं बसून त्यांच्या गोलकीपरचा सरावच बघत होतो. बॉल यायच्या आधी पाय कसे हलतात, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं आणि पुढची दहा वर्षं तेच केलं. मला फायदा झाला, यात शंका नाही. पण क्लबला? त्याच मोसमात मे २०१२ मध्ये ते प्रीमियर लीगमधून खालच्या विभागात गेले. पुण्याला आल्यामुळं गेले असं मी म्हणणार नाही, पण त्यांना त्या प्रवासातून काय मिळालं, ते आजही कळलेलं नाही.

तर, फायदा होतो का? आणि होत असेल तर नेमका कुणाचा?

लाल_मफलर
मँचेस्टर युनायटेडचा पंचवीस वर्षांचा चाहता म्हणून उत्तर देतो: नाही.

२०१४ बघा. प्रशिक्षक व्हान गाल नुकतेच आलेले, नवी पद्धत बसवायची होती. आणि संघ कुठं? लॉस एंजेलिस, डेन्व्हर, वॉशिंग्टन, मिशिगन, मायामी. अमेरिकेचा नकाशा काढून बोट फिरवा. रियाल माद्रिदला हरवलं, अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवलं, आम्ही इकडं पहाटे उठून नाचलो. मग १६ ऑगस्टला घरच्या मैदानावर पहिलाच लीग सामना, स्वान्सीकडून १-२. दहा दिवसांनी खालच्या विभागातल्या एमके डॉन्सकडून ०-४. व्हान गाल यांनी तर दौऱ्यावर असतानाच एवढ्या लांबच्या प्रवासाबद्दल आणि जाहिरातदारांच्या कार्यक्रमांबद्दल उघड नाराजी सांगितली होती. प्रशिक्षकच म्हणतोय की तयारी होत नाही, तर आपण कोण बोलणार?

हिशेबतपासनीस
लाल_मफलर, त्याच दौऱ्याची दुसरी बाजू मांडतो. मिशिगनमधल्या त्या माद्रिद सामन्याला १,०९,३१८ प्रेक्षक होते. अमेरिकेत फुटबॉल सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. त्याच मोसमापासून तुमच्या शर्टावर शेवरोलेचं नाव आलं. करार सात वर्षांचा, सुमारे ५५ कोटी ९० लाख डॉलरचा. शेवरोले ज्या जनरल मोटर्सची, तिचं मुख्यालय डेट्रॉईटला, आणि ते स्टेडियम डेट्रॉईटपासून गाडीनं तासाभराच्या आत. शर्टावर नाव लावणाऱ्याच्या अंगणात जाऊन लाखभर लोक जमवून दाखवले, की पुढच्या कराराला बसताना क्लबचा आवाज चढा असतो.

बऱ्याच जणांना वाटतं की दौऱ्याची कमाई म्हणजे तिकिटं. तसं नसतं. स्थानिक आयोजक क्लबला ठरलेली रक्कम देतो, तिकीट खपो वा न खपो. त्यावर त्या देशातले छोटे-मोठे पुरस्कर्ते येतात: तिथली बँक, तिथलं शीतपेय, तिथली विमा कंपनी. मग शर्ट. शर्ट घेणारं पोरगं पुढं टीव्हीचं सभासदत्व घेतं. हा पैसा हळूहळू येतो, म्हणून दौऱ्याच्या ताळेबंदात दिसत नाही.

आणि प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नसे. असा नियम असला की बाहेरून आणलेल्या प्रत्येक पौंडाला खेळाडू विकत घेण्याची ताकद येते. म्हणजे हा पैसा शेवटी मैदानावरच येतो. 'संघ की तिजोरी' हे शीर्षकच मला पटत नाही. तिजोरी रिकामी असेल तर संघ कुठून आणणार?

डावा_पाय
तपासनीसकाकांशी सहमत. आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करायला तुम्हीच या, दोन दिवसांत मूर्ती दोन फूट वाढेल.

सांधेजुळारी
मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, धावपटू आणि फुटबॉलवाले दोन्ही येतात. शरीराच्या बाजूनं लिहिते.

मोसमाआधीचे पाच-सहा आठवडे म्हणजे वर्षभराचा पाया. सुट्टीनंतर दम परत आणायचा, मग मांडीच्या मागच्या स्नायूंना वेगवान धावेची सवय लावायची, मग ४५ मिनिटं, ६०, ९० असं चढत जायचं. या क्रमात चार दिवसांचा खड्डा पडला की तो ऑक्टोबरमध्ये दिसतो.

आता प्रवास. शरीराचं घड्याळ ढोबळमानानं एका तासाच्या फरकाला एक दिवस घेतं, आणि पूर्वेकडं जाताना जास्त त्रास होतो. लंडन ते सिंगापूर उन्हाळ्यात सात तासांचा फरक. म्हणजे घड्याळ जुळायला आठवडा लागणार, आणि तेवढ्यात परत निघायची वेळ! झोप मोडली की स्नायू भरून येत नाहीत, निर्णय उशिरा होतात, आणि दमट हवेत घाम एवढा जातो की दुसरं सत्र अर्ध्यावर सोडावं लागतं.

पण उष्णतेचा एक फायदाही आहे, तो कुणी सांगत नाही. दहा-बारा दिवस उकाड्यात नीट, मोजून सराव केला तर रक्तातला द्रव वाढतो, हृदयाला काम सोपं जातं. अट एवढीच, की एकाच ठिकाणी राहायचं. तीन दिवस इथं, दोन दिवस तिथं केलं की उष्णतेचा फायदा मिळत नाही आणि प्रवासाचा तोटा मात्र पुरेपूर मिळतो.

म्हणून माझ्या लेखी प्रश्न देशाचा नाही, विमानतळांच्या संख्येचा आहे.

गॅलॅक्टिको_२००३
माद्रिदच्या चाहत्यांनी हे सगळं सोसलेलं आहे. बेकम आला तो २००३ चा उन्हाळा. चीनमध्ये कुनमिंगला शिबिर, मग बीजिंग, टोकियो, हाँगकाँग, बँकॉक. जिथं जावं तिथं बेकमच्या केसांचे फोटो. बीजिंगमध्ये ४-० जिंकले. मोसमाच्या मध्यापर्यंत सगळं छान होतं. आणि मग वसंतात पाय गळाले. स्पेनच्या चषकाचा, कोपा देल रेचा अंतिम सामना सारागोसाकडून गेला, चॅम्पियन्स लीगमध्ये मोनॅकोनं बाहेर काढलं, आणि लीगचे शेवटचे पाच सामने ओळीनं हरले. पाच! झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो, फिगो, राऊल, बेकम असलेला संघ चौथा आला. पाया नव्हता, सांधेजुळारी म्हणतात तेच.

उलटा_पास
गॅलॅक्टिको, थांबा. त्याच उन्हाळ्यात लीग जिंकून दिलेल्या प्रशिक्षक देल बोस्केंना निरोप दिला. इएरो गेला. आणि माकलेले चेल्सीला विकला. मधल्या फळीत झाडू मारणारा एकमेव माणूस विकायचा आणि हार बँकॉकच्या विमानावर ढकलायची, हे मला मान्य नाही. तो संघ जुलैभर माद्रिदमध्ये झोपून राहिला असता तरी एप्रिलमध्ये थकलाच असता, कारण बाकावर कुणी नव्हतंच.

आणि उलटी उदाहरणं घ्या. लिव्हरपूल २०१९ ला अमेरिकेत फिरले आणि त्या मोसमात लीग जिंकले. २०२४ ला स्लॉट नवे प्रशिक्षक, परत अमेरिका: पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, साउथ कॅरोलायना. तिथं युनायटेडला ३-० हरवलं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत विजेते. दौऱ्यानं संघ बिघडतो असा नियम असेल तर हे कसं?

लाल_मफलर
त्या ३-० ची आठवण काढायची गरज नव्हती.

पण तुम्हीच काढली आहे तर ऐका. त्याच दौऱ्यात लॉस एंजेलिसला आर्सेनलविरुद्ध आमचा नवाकोरा बचावपटू योरो पाय मोडून बसला, डिसेंबरपर्यंत बाहेर. त्याच सामन्यात होइलुंडही जखमी. ऑक्टोबरअखेर प्रशिक्षक टेन हाग यांना काढलं. २०२५ ला टॉटनहॅमनं तेच भोगलं. ३ ऑगस्टला सोलमध्ये त्यांच्या कोरियन कर्णधाराच्या, सोनच्या निरोपाचा सामना, सगळं स्टेडियम रडत होतं, आणि त्यातच मॅडिसनच्या गुडघ्याचा स्नायुबंध गेला. अख्ख्या मोसमाचा घोटाळा, तोही एका मित्रत्वाच्या सामन्यात.

सांधेजुळारी
स्नायुबंध कुठंही जातो, दादा. नाशिकमध्ये माझ्याकडं एक मुलगा रिक्षातून उतरताना गुडघा फिरवून आला होता. एका दुखापतीवरून दौऱ्याला दोषी ठरवू नका. दौऱ्यावर थकव्याच्या दुखापती वाढल्या का, ते विचारा.

टिकीटाका
लेस्टर विसरलात का? २०१५ ला ऑस्ट्रियात छोटं शिबिर आणि मग लिंकन, मॅन्सफील्ड, बर्टन अशा जवळच्या मैदानांवर सामने. मे २०१६ मध्ये लीगचे विजेते! मग विजेते म्हणून २०१६ ला लॉस एंजेलिसजवळ पॅरिसकडून ०-४, स्टॉकहोमला बार्सिलोनाकडून २-४, आणि पहिल्याच लीग सामन्यात हलकडून १-२. फेब्रुवारीत प्रशिक्षक रानिएरी घरी, संघ बारावा.

उलटा_पास
आणि कांते चेल्सीला गेला, तेही लिहा. माकलेले काय, कांते काय, एकाच जागेचा खेळाडू विकला की दौऱ्याच्या नावानं पावती फाटते. :)

सिंगापूरची_सई
इतका वेळ नुसतं वाचत होते, पण कुणीच स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाबद्दल बोलत नाही म्हणून लिहिते.

मी मूळची डोंबिवलीची, बारा वर्षं इथं. नवरा आर्सेनलवाला, मुलगा त्याच्याहून जास्त. जुलै २०२५ ला आर्सेनल इथल्या नॅशनल स्टेडियमवर दोनदा खेळलं, मिलान आणि न्यूकॅसलशी. आम्ही न्यूकॅसलच्या सामन्याला गेलो. ३-२. एका मुलाला बदली म्हणून आणलं, मॅक्स डाउमन, वय पंधरा. माझा मुलगा तेरा वर्षांचा. आई, हा माझ्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठा आहे, हे वाक्य मी त्या रात्री चाळीस वेळा ऐकलं. त्या पोरानं पेनल्टी मिळवून दिली, त्यावर जिंकले. आणि चारच आठवड्यांत तो लीडसविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये उतरला.

आता मला सांगा, हा संघाचा फायदा नाही का? लीगच्या सामन्यात पंधरा वर्षांच्या पोराला कोण घेतं? पन्नास हजार अनोळखी लोकांसमोर तो घाबरतो का, हे प्रशिक्षकाला कुठं बघायला मिळणार? लिव्हरपूलच्या एन्गुमोहाचंही तेच. जुलैअखेर योकोहामाला गोल केला, ऑगस्टमध्ये न्यूकॅसलला जाऊन शंभराव्या मिनिटाला सामना जिंकून दिला, वय सोळा.

आणि आम्हा लांबच्या चाहत्यांबद्दल. आम्ही अडीच-तीन वाजता उठतो, कामावर डोळे चोळत जातो. क्लब वर्षातून एकदा, तेही दहा वर्षांतून एखाद्या वर्षी, आमच्या दारात येतो. २०१३ ला आर्सेनल हनोईला गेलं तेव्हा एक तरुण संघाच्या बसशेजारी कितीतरी किलोमीटर धावत राहिला. आतले खेळाडू त्याच्या नावानं ओरडायला लागले, शेवटी बस थांबवून त्याला आत घेतलं. नंतर क्लबनं त्याला लंडनलाही बोलावलं. हे कुठल्या ताळेबंदात लिहिणार, तपासनीसकाका?

हिशेबतपासनीस
'ख्याती' या सदरात लिहितात, सई. आणि ती रक्कम सगळ्यात मोठी असते. तुमचा प्रतिसाद फार आवडला.

फातोर्डा_गेट_३
सईताई, तुमचा क्लब आला आणि खेळला, हे भाग्य. आमचं ऐका.

ऑक्टोबर २०२५, एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नस्र, आशियाई स्पर्धेचा सामना, फातोर्ड्याला. अर्ध्या गोव्यानं त्यांच्या क्रिस्तियानो रोनाल्डोसाठी तिकिटं काढलेली. तो आलाच नाही. सामना आम्ही १-२ हरलो, ब्रायसननं गोल केला, तो मात्र डोळ्यांत साठवून ठेवलाय. हा दौरा नव्हता, ठाऊक आहे. पण दुखणं एकच: लोक एका माणसासाठी पैसे मोजतात आणि क्लब अकरा माणसं पाठवतो.

नेरूळ_फलाट
+१. नोव्हेंबर २०२३, डीवाय पाटील, मुंबई सिटी विरुद्ध नेमारचा सौदी क्लब अल हिलाल. गट जाहीर झाला त्या दिवशी आमच्या ग्रुपवर नेमार-नेमार. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. ०-२ हरलो. मी पिवळा शर्ट घालून गेलो होतो, घडी करून परत आणला.

उलटा_पास
हा मुद्दा दौऱ्यांना फार लागू आहे. जुलै २०१९, सोल. युव्हेंटसचा सामना, करारात होतं की रोनाल्डो किमान ४५ मिनिटं खेळेल. सामना तासभर उशिरा सुरू झाला आणि तो बाकावरून उठलाच नाही. लोक न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानं आयोजकाला दोन प्रेक्षकांना प्रत्येकी ३,७१,००० वॉन द्यायला लावले. फेब्रुवारी २०२४ ला हाँगकाँगमध्ये इंटर मायामीचा मोसमाआधीचा दौरा: मेस्सी दुखापतीमुळं बसून, स्टेडियमभर पैसे परत द्या अशा घोषणा. तीन दिवसांनी टोकियोत तो अर्धा तास खेळला, तेव्हा आगीत तेल पडलं. आयोजकांनी निम्मे पैसे परत द्यायचं कबूल केलं, आणि पुढच्या महिन्यात चीनमध्ये ठरलेले अर्जेंटिनाचे सामनेही रद्द झाले.

मी दौऱ्यांच्या बाजूचा आहे. पण हा तोटा खरा आहे. एका संध्याकाळी कमावलेली ख्याती एका संध्याकाळी जाते.

लाल_मफलर
हेच तर. मे २०२५ मध्ये आम्ही लीगमध्ये पंधरावे आलो, युरोपा लीगचा अंतिम सामना हरलो, आणि आठवड्यात क्वालालंपूरला. पाय ओढत खेळले, आसियानच्या निवडक संघाकडून ०-१ हरले, मलेशियातल्या आपल्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. ही कोणती ख्याती?

टिकीटाका
अवांतर: हे सगळे सिंगापूर, टोकियो, सोल करतात. भारतात का येत नाहीत? एवढे चाहते आहेत इथं.

नेरूळ_फलाट
जुलै-ऑगस्ट. खिडकीबाहेर बघा.

टिकीटाका
पाऊस ही सबब झाली. जुलै २०१८ ला, भर पावसाळ्यात, कोचीला स्पेनचं जिरोना आलं होतं. मेलबर्न सिटी आणि केरळ ब्लास्टर्स. सामने नीट झाले. ब्लास्टर्सनं ०-६ आणि ०-५ मार खाल्ला, पण झाले.

गॅलॅक्टिको_२००३
आणि त्याच मोसमात जिरोना पहिल्या विभागातून खाली गेलं. उलटा_पास, यात तरी कुणी माकलेले विकला नव्हता.

उलटा_पास
हरलो. हे उदाहरण तुमचं. :)

पण मैदानाची गोष्ट गंभीर आहे. जुलै २०१६ ला बीजिंगमध्ये पावसानं मैदान इतकं खराब झालं की दोन्ही मँचेस्टर क्लब पोहोचलेले असताना सामना रद्द करावा लागला. ऑलिम्पिकचं स्टेडियम होतं ते. आपल्याकडं मुंबईत पावसाळ्यात गवताचं फुटबॉलचं एक मोठं मैदान दाखवा, जिथं क्लबचा डॉक्टर होय म्हणेल. कूपरेज छोटं, अंधेरी छोटं, डीवाय पाटील मोठं पण तिथं क्रिकेटही चालतं. हिवाळ्यात येतात ते येतात. जर्मनीचं बायर्न म्युनिक जानेवारी २०१२ ला दोह्याच्या शिबिरानंतर दिल्लीला आलं, भुतियाच्या निरोपाला. ४-० जिंकून गेलं.

कूपरेजचे_आजोबा
तुम्ही सगळे पाहुण्या क्लबबद्दल बोलता आहात. मी यजमान क्लबबद्दल बोलतो, कारण त्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

सप्टेंबर १९७७. न्यूयॉर्क कॉसमॉस आशियाच्या दौऱ्यावर होता. जपान आणि चीन करून कलकत्त्याला आला. २४ तारखेला ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी सामना. पेले छत्तीस वर्षांचा, आठवडाभरानं निवृत्त होणार होता. बरोबर कार्लोस आल्बेर्तो, १९७० चा ब्राझीलचा कर्णधार. मी तेव्हा फोर्टमध्ये एका बँकेत कारकून, सामना पाहायला जाणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र मात्र अजून कपाटात आहे. सामना २-२ सुटला. श्याम थापा आणि हबीब यांचे गोल. गौतम सरकार पेलेला चिकटून राहिला होता, आणि गोलमध्ये शिवाजी बॅनर्जी.

त्या आधी बागानचं काही बरं चाललं नव्हतं. कलकत्ता लीगमध्ये ईस्ट बंगालनं त्यांना हरवलं होतं. पेलेच्या संघाशी बरोबरी करून तोच संघ काही दिवसांत आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालसमोर उभा राहिला आणि जिंकला. मग आमच्या मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. मग ड्युरँड. एका मोसमात तिन्ही.

रोव्हर्स मी कूपरेजवर पाहिला, लाकडी पायऱ्यांवर बसून. एवढंच सांगतो की ती माणसं वेगळी चालत होती. बॉल पायात आला की घाई नाही. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, ज्यांनी पेलेला अडवलं ते आता कुणाला घाबरणार? मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. सरावात दम मिळतो, पण आपल्यापेक्षा मोठ्या संघासमोर नव्वद मिनिटं उभं राहिल्यानं जे मिळतं ते दुसऱ्या कशानं मिळत नाही.

पेठेतले गोली, तुम्ही गोव्याला पाहुणे म्हणून जाणार, पण खरं तर या गोष्टीत तुम्ही बागान आहात.

पेठेतला_गोली
आजोबा, दोनदा वाचला प्रतिसाद. शिवाजी बॅनर्जींचं नाव आमच्या जुन्या गोलकीपरच्या तोंडी असायचं, पण त्या मोसमाची अशी साखळी कुणी सांगितली नव्हती.

तुम्ही म्हणता ते आमच्या बाबतीत खरं आहे. आमची पोरं वर्षानुवर्षं त्याच पाच-सहा तालमींशी खेळतात. शाहू स्टेडियमवर पंधरा-वीस हजार पब्लिक असतं, अंगात वारं येतं, नाद खुळा खेळतात. पण समोरचा कुठून वळणार हे पाठ असतं, कारण तो शेजारच्या गल्लीतला असतो. आम्ही बाहेरच्या स्पर्धेला गेलो की पहिली वीस मिनिटं गोंधळतो आणि तेवढ्यात दोन गोल खातो. दर वेळी.

आणि एक, जे कट्ट्यावर बोलता आलं नाही. आमचा दुसरा गोलकीपर एकोणीस वर्षांचा आहे. दोन मोसम बाकावर बसून आहे. पेठेच्या सामन्यात त्याला उतरवायचं धाडस कुणी करत नाही, कारण एक चूक झाली तर पोराला चौकातून चालणं मुश्कील होतं. सईताईंनी त्या पंधरा वर्षांच्या मुलाचं लिहिलं तेव्हा मला हाच डोळ्यासमोर आला.

सांधेजुळारी
मग हे लक्षात ठेवा. जाताना रात्रीचा प्रवास करू नका, पहाटे निघून दुपारी पोहोचा. पहिला दिवस फक्त हलकं धावणं. दहा दिवसांत तीनच सामने, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर. आणि राहायची जागा मैदानापासून चालत जाता येईल अशी, रोजचा तास बसमध्ये घालवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात कोल्हापूरपेक्षा दमट असतं. पाण्यात मीठ-साखर घालून द्या. सामन्यांचे फोटो टाकायला बंदी नाही, पण रात्री दहानंतर मोबाईल खजिनदाराकडं.

हिशेबतपासनीस
वर्गणीदारांना आधी कागदावर खर्च दाखवा. प्रवास, जेवण, मैदानाचं भाडं, डॉक्टर, आणि दहा टक्के वर. जर्सीवर एखाद्या स्थानिक दुकानाचं नाव घेतलंत तर जेवणाचा खर्च निघेल. शेवरोले नको, पेठेतला एखादा दूधवालाही चालेल.

डावा_पाय
दूधवाल्याची जर्सी पांढरी म्हणजे तुम्ही थेट माद्रिद.

लाल_मफलर
मी माझं मत मागं घेत नाही. पाच शहरांत पाच सामने हा सराव नव्हे. पण एकाच गावात दहा दिवस आणि तीन सामने, याला मी दौरा म्हणतच नाही, शिबिर म्हणतो. आर्सेनलचे वेंगर वर्षानुवर्षं ऑस्ट्रियातल्या एका शांत गावात तेच करत होते. जा तुम्ही. आणि त्या पोराला एक अख्खा सामना द्या. अर्धा नको. अर्ध्यात गोलकीपरचे हातसुद्धा गरम होत नाहीत.

पेठेतला_गोली
काल रात्री बैठक झाली. मी धागा मोबाईलवर वाचून दाखवला. आजोबांचा प्रतिसाद संपला तेव्हा कट्टा एकदम गप्प झाला, मग आमचे जुने वस्ताद म्हणाले, "बघा, पेलेला अडवलेली माणसं हायती." खजिनदार तरी अडून होता. त्याचं म्हणणं, दहा दिवस नको, आठ. आठवर तडजोड झाली. सामने तीन, त्यातला मधला दुसऱ्या गोलकीपरचा, पूर्ण नव्वद मिनिटं, काहीही झालं तरी बदलायचं नाही. हे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्याला अजून सांगितलेलं नाही.

फातोर्डा_गेट_३ भाऊ, आता तुमच्याकडं येतो. मडगावच्या आसपास पंचवीस माणसांची राहायची सोय आणि चालत जाता येईल असं गवताचं मैदान, असं काही आहे का? आणि समोर संघ तगडा हवा. दया दाखवणारा नको.

फातोर्डा_गेट_३
आहे. आमच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक गावाला मैदान असतं, चर्चच्या शेजारी नाहीतर देवळाच्या मागं. माझा मेव्हणा एका गावच्या क्लबचा सचिव आहे, त्याच्याशी बोललोय. शाळेचे दोन वर्ग दिवाळीच्या सुट्टीत मिळतील, गाद्या भाड्यानं घेऊ. मैदान शाळेला लागून. जेवणाचं त्याची बायको आणि शेजारच्या दोघी बघतील, पण पंचवीस कोल्हापूरकरांना किती भात लागतो ते आधी कळवा.

संघ तगडा आहे, गेल्या वर्षी त्यांनी आमच्या तालुक्यातली स्पर्धा जिंकली. त्यांचा नऊ नंबरचा पोरगा लांबून मारतो, बॉल शेवटी खाली वळतो. तुमच्या त्या दुसऱ्या गोलकीपरला सांगू नका. त्याला तिथंच बघू दे.